पास झालेली हापशी

मी हापशी बोलतेय. वरवट बकाल सोडून पूर्णेच्या अंगाला उतरलं की खारपाणपट्ट्यातली गावं सुरू होतात. त्यातल्या एका गावच्या बौद्ध वस्तीत, चांगुणाच्या दारापासून दहा पावलांवर मी उभी आहे. गावाचं नाव सांगणार नाही. गावाला बट्टा लावून माझं काय भलं होणार?

आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. माझं पाणी खारं आहे. पहिल्या दिवसापासून खारं आहे. माझ्या अंगावर जी हिरवी पाटी ठोकली आहे, 'हे पाणी पिण्यास योग्य आहे', ती खोटी आहे. ती कशी लागली आणि तिच्यापायी काय झालं, एवढंच सांगायचं आहे. एरवी मी बोलत नाही. लोकच माझ्यापाशी उभे राहून एवढं बोलतात की माझी पाळीच येत नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी इथं बोअरची गाडी आली. दोन दिवस तिनं जमिनीत घरघर केली आणि दोनशे फुटांवर पाणी लागलं. माझे तीन पाय सिमेंटात रोवले, दांडा बसवला, साखळी ओवली. माझा ओटा बांधला वस्तीतल्याच सहदेव गवंड्यानं. पहिला घोटही त्यानंच घेतला. तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "खारं हाय. पन आपलं हाय."

त्या 'आपलं' शब्दाला कारण होतं. तोवर या वस्तीतल्या बायकांचा गावातल्या विहिरीवर सगळ्यांचं भरून झाल्यावर नंबर लागायचा, आणि तोही चार बोलणी खाऊन. त्यामुळे खारट का असेना, दारात हक्काचं पाणी आलं म्हणून वस्तीनं मला डोक्यावर घेतलं. पोरं माझ्या दांड्याला लोंबकळायची. बायका घागर भरायला पाच मिनिटं आणि बोलायला पाऊण तास लावायच्या. निवडणूक आली की एखादा उमेदवार मला हार घालून फोटो काढून जायचा. हार वाळून पडेपर्यंत मी नवरीसारखी दिसायचे.

माझ्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तरी लोक वर्षानुवर्षं हेच पाणी प्यायले. नळ आले, पण नळाचं पाणी आठवड्याला एकदा आलं तर आलं. हळूहळू वस्तीतली माणसं आजारी पडू लागली. कुणाची भूक मेली, कुणाला उलट्या, कुणी दवाखान्यात गेला तो परत आला नाही. डॉक्टर तोंडानं पाण्याचं नाव घ्यायचे, कागदावर लिहायचे नाहीत. पण बायकांनी काय ते ओळखलं. ज्याला जमेल तो गोड पाणी बाहेरून आणू लागला, आणि मी धुण्याभांड्याची, गुराढोरांची झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी सहदेवचा नंबर लागला. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धी किडनी गेली आहे, उरलेली सांभाळायची असेल तर खाऱ्या पाण्याचा थेंब नको. तेव्हापासून त्याची बायको चांगुणा रोज पहाटे अर्ध्या तासाची वाट चालून पुंजाजी पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर जायची. त्या एका विहिरीचं पाणी गोड. पुंजाजीनं कधी नाही म्हटलं नाही. एक घागर डोक्यावर घेऊन ती यायची आणि ओसरीवरच्या माठात ओतायची. माठाला पांढरं फडकं बांधलेलं. त्या माठाला सहदेवखेरीज कुणी हात लावायचा नाही. चांगुणा स्वतः माझंच पाणी प्यायची. "मले काय होते?" म्हणायची.

तिचा गुडघा दुखायचा, पण एक दिवस खाडा नाही. त्या घागरीवर सहदेव जगत होता, हे वस्तीतल्या लेकरालाही माहीत होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत मयुरी आली. चिखलीकडची पोर, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आता कॉलेजात असं निघालंय म्हणे की पोरांनी काही महिने सरकारी कचेरीसोबत प्रत्यक्ष काम करायचं आणि त्याचे मार्क मिळवायचे. तिला आमची ग्रामपंचायत मिळाली. काम होतं गावातल्या अकरा ठिकाणांचं पाणी तपासायचं. माझा नंबर सातवा.

ग्रामसेवक नारायणराव तिला घेऊन आले. माझ्या दांड्यावर कोपर टेकवून त्यांनी तिला सगळं समजावलं. पंचायतीनं पाणी शुद्ध करायचं मशीन घेतलं होतं, पण ते दिवसाला मोजकंच पाणी काढणार. म्हणून ठरलं होतं की ज्या वस्तीचं पाणी वाईट निघेल, त्या वस्तीतल्या घरांना कार्ड द्यायचं. कार्डावर रोज दोन कॅन गोड पाणी. ज्यांचं पाणी चांगलं, त्यांना कार्ड नाही.

"पण मॅडम, हे लोकांजवळ बोलू नका," नारायणराव म्हणाले. "नाहीतर प्रत्येक जण बाटलीत मीठ टाकून देईल. मी या गावात नऊ वर्षं काढली आहेत."

मयुरीनं मान डोलावली. शहाणी पोर. वहीत सगळं लिहून घेणारी. मी मात्र त्या दिवशी खूश झाले. माझ्या पाण्यात मीठ टाकायची गरजच नव्हती. जन्मात पहिल्यांदा माझा खारेपणा कुणाच्या कामाला येणार होता. चांगुणाची पहाटेची पायपीट सुटणार होती.

नमुने घ्यायच्या दिवशी नेमकी माझी साखळी निसटलेली. मयुरीनं दांडा मारून मारून पाहिला, पाण्याचा पत्ता नाही. पंचायतीचा गणेश दुपारी मेकॅनिकला घेऊन येणार होता. उन्हात दमलेल्या पोरीला चांगुणानं हाक मारली, "ये व माय, सावलीत बस." ओसरीवर बसवलं. मयुरी म्हणाली, "मावशी, थोडं पाणी द्या ना."

चांगुणा क्षणभर थांबली. मग माठाचं फडकं सोडून तिनं सहदेवच्या पाण्यातला एक तांब्या भरून दिला. मयुरी गटागटा प्यायली, आणि आणखी मागितलं.

तुमच्यासाठी ही काही गोष्ट नसेल. पण चांगुणानं आपल्या तरुणपणी गावातल्या विहिरीवर काय ऐकून घेतलं, ते मला ठाऊक आहे. ही पोर चिखलीकडच्या पाटलाच्या घरची. तिनं आडनाव सांगितलं तेव्हाच कळलं. तिनं विचारलं नाही, बिचकली नाही, दोनदा मागून प्यायली. चांगुणाचा चेहरा असा काही उजळला की बास.

निघताना मयुरीनं नंबर लिहिलेली बाटली तिच्या हातात दिली. "मावशी, हापशी सुरू झाली की पाच मिनिटं पाणी वाहू द्या. मग बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरून ठेवा. मी संध्याकाळी नेते." सांगितलं अगदी बरोबर. फक्त स्वतः थांबली नाही, कारण तिला आणखी चार वस्त्या करायच्या होत्या.

दुपारी साखळी बसली. गणेश नि मेकॅनिक गेले. चांगुणानं दांडा मारला, तर मी गंज, ग्रीस, गाळ सगळं एकदम ओकले. पाच मिनिटांनी पाणी निवळलं, पण तांबूसपणा गेला नाही. चांगुणा बाटली हातात धरून उभी राहिली. समोरच्या आशाबाईला म्हणाली, "आशे, पाह्य बरं. असं पानी देऊ का मी त्या पोरीच्या बाटलीत? माह्या हातचं पेली ते."

"तपासाले न्यायचं हाय तं कसंही चालते," आशाबाई म्हणाली.

"तपासाले का होईना. पाहुन्याचं भांडं आपल्या घरून असं जाते का? म्हनतील, या वस्तीतले लोक असंच देतात."

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत करत नाहीत, आणि वाईट-साईट भरून तर नाहीच. चांगुणाला आईनं तेच शिकवलं होतं. तिनं बाटली राखेनं घासली, लख्ख केली, माठाचं फडकं सोडलं आणि पुंजाजीच्या विहिरीचं गोड पाणी तिच्यात काठोकाठ भरलं. त्या दिवशी संध्याकाळी सहदेवला पाणी कमी पडलं. त्यानं अर्ध्या पेल्यावर भागवलं.

मी ओरडले असते हो. पण मला कंठ नाही, साखळी आहे. दहा पावलांवरून मी पाहत राहिले. माझा नंबर लिहिलेल्या बाटलीत दुसऱ्याचं पाणी चाललं होतं आणि जी ते भरत होती तिच्या जिवाला केवढा आनंद झाला होता!

पुढं काय, तुम्ही ओळखलंच असेल. दहा ठिकाणांचं पाणी नापास झालं आणि सातव्या नंबरचं पास. शहाण्या माणसाला इथंच शंका यायला हवी होती. चहूकडं खारं आणि मधेच एक हापशी गोड, हे कसं? पण मयुरीच्या सरांना तोच मोठा शोध वाटला. तिच्या अहवालाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. ती फोटो काढायला आली तेव्हा तिनंच सांगितलं. माझ्या दांड्यावर हात ठेवून हसत उभी राहिली. पाण्याची विकतची बाटली तिच्या पिशवीतून डोकावत होती. तिनं माझं पाणी चूळ भरण्यापुरतंही तोंडात घेतलं नाही. नारायणरावांनी घेतलं नाही. गणेशनं घेतलं नाही. वस्तीतली दीडशे माणसं रोज माझी चव जाणत होती, त्यांना कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये पाटी ठोकली. वस्तीतले लोक हसले. सरकारी पाटीला हसायची आमच्याकडे जुनी रीत आहे. मग पंचायतीसमोर मशीन सुरू झालं, गावभर कार्डं वाटली गेली, आणि आमच्या वस्तीत एकही आलं नाही. तेव्हा हसू थांबलं. चार माणसं पंचायतीत जाऊन भांडून आली. नारायणरावांनी त्यांच्यापुढे अहवाल ठेवला. छापलेला, रंगीत, शिक्क्यासकट. छापलेल्या कागदाशी भांडायची आमच्या माणसांना सवय नाही.

एप्रिलच्या शेवटी पुंजाजीची विहीर आटली. तळाशी चिखल राहिला. चांगुणा कॅन घेऊन मशीनवर गेली. गणेश तिथं पाणी सोडायला बसायचा. वाईट पोरगा नव्हता तो. त्यानं दोनदा लपून कॅन भरून दिला. तिसऱ्यांदा रांगेतल्या कुणीतरी आरडाओरडा केला. चांगुणा रिकामा कॅन घेऊन परत आली आणि माझ्या ओट्यावर बसून आशाबाईला सांगू लागली, "गनेश म्हने, काकू, तुमच्या वस्तीची हापशी पास झाली न. मी काय करू?"

मग ती नळाचं पाणी उकळून ठेवू लागली. ते चार दिवस पुरायचं. उरलेल्या दिवसांचं काय?

एका दुपारी चांगुणा कामावर गेलेली असताना सहदेव पेला घेऊन स्वतः माझ्याकडे आला. माठ कोरडा होता. त्याला वाचता येत होतं. पाटी त्यानं मोठ्यानं वाचली, आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. "काय व हापशे, पास झाली म्हने तू! मले तं जिंदगीत कोनी पास नाही केलं." एकट्यानंच हसला. पेला भरला आणि प्यायला. मी त्याला वीस वर्षं पाजलं होतं, पण ते पाणी गळ्याखाली उतरताना मला पहिल्यांदाच माझी किळस आली.

संध्याकाळी चांगुणाला कळलं. ती चिडली. "काऊन पेले तुमी हापशीचं? डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"बोर्ड लावला हाय सरकारनं."

"बोर्डाले काय कयते? जिभेले खारं लागते न!"

"जिभेले खारं, मशीनले गोड. आपल्या जिभेचं कोन आयकते?" सहदेव म्हणाला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "कॉलेजच्या पोरीनं तपासलं, चांगुने. असन चांगलं."

आपण भरलेल्या बाटलीचा या पाटीशी काही संबंध असेल, हे चांगुणाच्या ध्यानातही आलं नाही. ती म्हणाली, "ते पोर खोटं नाही लिव्हनार. माह्या हातचं पानी पेली ते."

तिच्या मनाला आधार हवा होता, तो मिळाला. उरलेला मे आणि जवळजवळ अख्खा जून सहदेव माझं पाणी प्यायला. तीही आता स्वतः भरून नेऊन माठात ओतू लागली. फडकं मात्र रोज बांधायची. जूनअखेर त्याला खामगावला नेलं, तिथून अकोल्याला. आषाढात ॲम्ब्युलन्स परत आली तेव्हा तिचा भोंगा बंद होता. दवाखान्याच्या कागदावर पाण्याचा उल्लेख नव्हता.

सहदेव गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी शंभर माणसं जेवली. स्वयंपाकाला पाणी माझंच. डाळ शिजता शिजेना, बायका लाकडं सारत राहिल्या.

दिवाळीनंतर मयुरी आली. नोकरी लागली होती, पेढे घेऊन आली होती. माझ्याजवळ काढलेला फोटो तिनं चौकटीत बसवून चांगुणासाठी आणला होता. भिंतीवर सहदेवचा फोटो पाहिला आणि तिच्या हातातला पेढ्यांचा डबा तसाच राहिला. थोडं बसली, रडली. मग तोंड धुवायला माझ्याकडे आली. स्वतःच्याच पाटीवर विश्वास ठेवून तिनं ओंजळ तोंडाला लावली.

थुंकली. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकली. पिशवीतून तपासायचं यंत्र काढून माझ्या पाण्यात बुडवलं. आकडा पाहिला, यंत्र पुसून पुन्हा बुडवलं, तोच आकडा आला.

"मावशी," तिनं हाक मारली. "त्या दिवशी बाटली... हापशीचीच भरली होती ना?"

चांगुणा दारात आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडं ऊन आलं. "नाही व माय. हापशीचं तं लय गढूळ आलं होतं. तुह्या बाटलीत तसं कसं भरू? तुह्या मावसाच्या माठातलं भरलं म्या. राखेनं घासून देल्ली होती बाटली, तुले आठवते?"

मयुरीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहत होते. आता ही सांगणार, मला वाटलं. सांगणार की मावशी, बाटलीत हापशीचं पाणी असतं तर तुम्हाला कार्ड मिळालं असतं. रोज दोन कॅन.

"हो मावशी," ती म्हणाली. "खूप स्वच्छ होती बाटली."

त्या पोरीवर माझा राग होता. अजूनही थोडा आहे, कारण ती त्या दुपारी थांबली नाही. पण त्या एका वाक्यासाठी मी तिला बरंचसं माफ केलं.

तिथून ती थेट पंचायतीत गेली आणि तासाभरानं नारायणरावांना घेऊन परत आली. हातात अर्ज होता. 'नमुना घेण्यात माझ्याकडून चूक झाली. सातव्या क्रमांकाचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.' सगळं स्वतःच्या नावावर. चांगुणाचं नाव कुठंच नाही.

नारायणरावांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, अहवाल वर गेला. त्यावर पाटी आली, कार्डं वाटून झाली. आता वरून पत्र आल्याशिवाय मी पाटी कशी काढू? आणि कार्ड द्यायचं तर दुसऱ्या वस्तीचं कापावं लागेल. ते काय मला गावात राहू देतील?"

"मग पुन्हा तपासा."

"पुढची तुकडी येईल ना तुमच्या कॉलेजची. तेव्हा बघू."

मयुरीनं पाटी दोन्ही हातांनी धरून ओढली. खिळे पक्के होते. दगड घेऊन ठोकू लागली तेव्हा गणेशनं तिचा हात धरला. "ताई, सरकारी पाटी हाय. केस होईन." तिची बोटं रक्ताळली होती. तिनं अर्जावर पोच घेतली आणि गेली. नंतरही तिनं दोन पत्रं पाठवली, असं गणेश कुणाला तरी सांगत होता.

पुढची तुकडी जानेवारीत आली. त्यांचा विषय वेगळा होता, गावाचा मोबाईलवरचा नकाशा. चार पोरं आली, माझा फोटो काढला, पाटी वाचली आणि नकाशात मला हिरवा ठिपका दिला. आता मी जगभर पास आहे.

आज मी म्हातारी झाले आहे. साखळी कुरकुरते, ओट्याला तडे गेले आहेत, आणि तो नीट करणारा गवंडी उरला नाही. चांगुणा पुंजाजीच्या विहिरीवर जात नाही. विहिरीला पाणी आलं आहे, पण ती म्हणते, एकटीसाठी एवढं कशाला चालायचं. माठ पालथा घातला आहे. परवा ती ओट्यावर बसून पाय दाबत होती. घोट्यावर बोट रुतलं तो खळगा भरून यायला फार वेळ लागला. ती त्याकडे पाहत राहिली, मग लुगडं खाली ओढलं. सहदेवचे पायही आधी असेच सुजले होते.

म्हणून ज्याच्या कानावर हे पडेल त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. पत्र लिहा, पाटी उपटा, मला लाल रंग फासा, नाहीतर माझा दांडाच काढून न्या. काहीही करा, पण लवकर करा. कुणी कारण विचारलं तर सांगा, यंत्र बिघडलं होतं. सांगा, शहरातल्या पोरीला काम जमलं नाही. सांगा, हापशीच लबाड होती. चांगुणानं भरलेल्या त्या बाटलीपायी काय झालं ते मात्र तिच्या कानावर जाऊ देऊ नका. तिच्याजवळ आता तेवढंच एक चांगलं केल्याचं समाधान उरलं आहे.

ती बघा, घागर घेऊन निघाली. हळू चालते आहे, मधे एकदा थांबली. येईल, दांड्यावर हात ठेवील, आणि मला पाणी द्यावंच लागेल.